बाकाला पाणी घालावं लागत नाही

मला एक बाक द्यायचा होता.

बसायचा बाक हो. लाकडी, मागे टेकायला दोन फळ्या आणि वरच्या फळीवर पितळेची चिमुकली पट्टी. पट्टीवर बाबांचं नाव. बाबा गेले त्याला या मार्चमध्ये वर्ष झालं. वर्षश्राद्ध, गुरुजी, नातेवाइकांची पंगत हे सगळं होणारच होतं. पण मला ‘आपलं असं’ काहीतरी करायचं होतं. शिवाय हातात ताजा ताजा बोनस होता.

आयडिया दिली ती ऑफिसातल्या मैत्रिणीने. ती सध्या ऑनसाइट आहे, बॉस्टनला. एका वीकेंडला न्यूयॉर्कला भटकायला गेली आणि सेंट्रल पार्कमधल्या बाकाचा फोटो पाठवला. बाकावर पट्टी, पट्टीवर कुणीतरी आपल्या आजीसाठी लिहिलेले चार शब्द. तिथे म्हणे १९८६पासून बाक दत्तक घेता येतो. ‘किती पडतात?’ मी लगेच टाइप केलं. ‘दहा हजार डॉलर.’ मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि बाक नसतानाच मटकन खाली बसले.

पण कल्पना डोक्यात शिरली ती शिरलीच. सेंट्रल पार्क नाही तर नाही, आपली राणीची बाग आहे की! या पानावर एरवी मी लोकल, लंचबॉक्स आणि बॉस यांच्या पलीकडे जात नाही. आज जरा बागेत जाऊ या.

आम्ही पूर्वी लालबागला राहायचो. बाबा भायखळ्याच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. रविवारी सकाळी आम्हा दोघा भावंडांना घेऊन चालत राणीच्या बागेत. आता राणीची बाग म्हटलं की लहान मुलांना काय आठवणार? हत्ती, पाणघोडा, माकडं. (पेंग्विन आले २०१६ साली. ते आमच्या नशिबी नव्हते.) बाबांना मात्र आठवायची झाडं. पिंजऱ्यांकडे पळणाऱ्या आम्हाला मध्येच थांबवून ते झाडांवरच्या पाट्या वाचायला लावायचे. प्रुफरीडरच तो. लिहिलेलं काही दिसलं की ते वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

‘ही गोरखचिंच. आफ्रिकेतून आलेली. खोड बघ केवढं, त्यात पाणी साठवते.’ ‘हा कैलासपती. याला फुलं खोडावर येतात.’ ‘आणि हा खरा अशोक, सीतेचा. बिल्डिंगच्या गेटवर पोलिसासारखा उभा असतो ना, तो अशोक नव्हे. तो आसुपालव.’ आम्ही ‘हो बाबा, हो बाबा’ करत हत्तीच्या दिशेने बघायचो. गंमत बघा, हत्तीचं नाव मी कधीच विसरले. झाडांची नावं मात्र अजून जिभेवर आहेत.

तर मार्चमधल्या एका रविवारी आईला घेऊन निघाले. अर्ज कुठे करायचा, कुणाला भेटायचं ते नंतर बघू, आधी जागा तर निवडू, असा माझा फंडा. डोंबिवलीहून फास्ट पकडली, भायखळ्याला उतरलो आणि आई प्लॅटफॉर्मवरच थबकली. ‘हे आपलंच स्टेशन?’ बाबांबरोबर तिने पाहिलेलं भायखळा वेगळं होतं. मधल्या काळात एका संस्थेने पुढाकार घेतला, देणगीदार उभे राहिले, वारसा-वास्तूंचं काम करणारे आर्किटेक्ट आले आणि जुन्या स्टेशनला त्याचं रूप परत मिळालं. २०२२मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. सार्वजनिक जागेला देणगीदाराचा हात लागला तर काय होऊ शकतं, त्याचं सॅम्पल आम्हाला गाडीतून उतरल्या उतरल्याच मिळालं.

बागेत शिरलो आणि मी पहिल्यांदाच बाबांसारख्या पाट्या वाचायला लागले. झाडांच्या नव्हे, देणाऱ्यांच्या. तेव्हा लक्षात आलं, ही सगळी बागच मुळात वर्गणीवर उभी राहिलेली आहे!

१९ नोव्हेंबर १८६२ला ही बाग सुरू झाली, व्हिक्टोरिया गार्डन्स या नावाने. उभी केली ती अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने. शेजारच्या म्युझियमसाठी डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवुड या मंडळींनी वर्गणी जमवली. दाराशी जो घड्याळाचा मनोरा आहे तो डेव्हिड ससून यांच्या पैशातला. आणि काळा घोडा! फोर्टमध्ये आपण ज्याच्यासोबत सेल्फी काढतो तो स्वार नसलेला घोडा २०१७चा. ओरिजिनल, वर राजा बसलेला घोडा अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला होता. १९६५मध्ये तो तिथून हलवला आणि आता तो भायखळ्यात या बागेत आहे. आर्ट फेस्टिव्हल तिकडे, घोडा इकडे.

‘मग आपला बाक कुठे?’ आईने मला वर्तमानात आणलं.

जागा शोधत आम्ही तासभर फिरलो. इथे ऊन येतं, तिथे शाळेच्या सहलींचा गोंगाट. शेवटी एका मोठ्या झाडाखाली उभं राहून मी हातांनी फ्रेम करून बघत होते. शेजारी एक माळीमामा पाइप ओढत चालले होते.

‘काय शोधताय ताई?’

मी सगळं सांगितलं. बाबा, पाट्या, बाक, पितळेची पट्टी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हसले.

‘सगळ्यांना बाकच द्यायचा असतो, ताई. बाकाला पाणी घालावं लागत नाही ना!’

आणि पाइप ओढत पुढे निघून गेले.

आई खळखळून हसली. मला मात्र ते वाक्य चांगलंच लागलं. का लागलं, ते सांगते. जरा लाज वाटते, पण सांगते.

आमच्या ऑफिसात दर वर्षी जूनच्या सुरुवातीला एक मेल येतो. सब्जेक्ट लाइनमध्ये तीन हिरवी पानं आणि आत टी-शर्टचा साइज विचारलेला. पर्यावरण दिन! गेल्या ५ जूनला आम्ही दोन बस भरून शहराबाहेरच्या एका टेकडीवर गेलो. २०० रोपं, २०० खड्डे आधीच खणून तयार, लंचबॉक्स, बॅनर आणि वरून फोटो काढायला ड्रोन. ‘आज आम्ही २०० झाडं लावली’ ही पोस्ट लिहिणारी मीच. लाइक्सचा पाऊस पडला. खरा पाऊसही पडला आणि त्याच्या जिवावर रोपं ऑक्टोबरपर्यंत टिकली. पुढे दिवाळी आली, थंडी आली, मार्च एंडची टार्गेट्स आली.

फेब्रुवारीत त्याच रस्त्याने ट्रेकला जाताना मी बस थांबवली. कंपनीच्या लोगोचा बोर्ड अगदी ठणठणीत उभा होता. रोपं मोजली. अकरा.

दोष टेकडीचा नाही, रोपांचाही नाही. आम्ही लावली होती रोपं. रोपाचं झाड व्हायला आपल्याकडे निदान दोन-तीन उन्हाळे काढावे लागतात आणि त्या उन्हाळ्यांत कुणीतरी पाणी घालावं लागतं. खड्ड्यांचं बजेट होतं, बोर्डाचं होतं, ड्रोनचंही होतं. पाण्याचं नव्हतं.

म्हणून मामांचं वाक्य लागलं. एकदा लागल्यावर मी घरी येऊन वाचायला बसले आणि कळलं, की या खेळात आमची कंपनी एकटी नाही. इतिहासही आमच्या बाजूने आहे! राणीची बाग सुरू झाली ते साल आठवा, १८६२. अमेरिकेत यादवी युद्ध, तिकडचा कापूस बंद, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव. शहरात नुसता पैसाच पैसा. शेअर बाजाराला भरती आणि देणग्यांनाही. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळले, बाजार धाडकन आपटला. म्युझियमच्या इमारतीचं काम पैसे संपल्यामुळे अडकलं. पुढे सरकारने पैसे घातले तेव्हा ती पुरी झाली आणि १८७२मध्ये म्युझियम उघडलं. बागेचंही तेच. ज्या सोसायटीने ती हौसेने उभी केली, तिच्याकडे चालवायला पैसे उरले नाहीत आणि १८७३मध्ये बाग नगरपालिकेच्या हाती आली. तेव्हापासून माळ्यांचे पगार, पाणी, खत, छाटणी हा सगळा कंटाळवाणा खर्च आपल्या सगळ्यांच्या करातून होतो. या खर्चावर कुणाच्या नावाची पट्टी नाही. पण आज बागेत तीन हजारांच्या वर झाडं उभी आहेत, ती या बिनपट्टीच्या पैशावर.

मग काय, देणगी देऊच नये? तसं नाही हो. कशी द्यावी, हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला परत बॉस्टनच्या मैत्रिणीनेच दिलं. माझं बाकपुराण ऐकून ती म्हणाली, ‘अगं, माझ्या घराजवळ एक अख्खी झाडांची लायब्ररी आहे.’ आणि पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मला अर्नोल्ड आर्बोरेटम फिरवून आणलं. आर्बोरेटम म्हणजे झाडांचा संग्रह, वृक्षोद्यान. सुमारे २८१ एकर. जवळजवळ प्रत्येक झाडाला एक छोटीशी पट्टी अडकवलेली. तिच्यावर झाडाचं नाव, नंबर आणि ते कुठून आलं ते. प्रवेश फुकट, रोज, सूर्योदय ते सूर्यास्त. (बाबा तिथे गेले असते तर परत आलेच नसते.)

पण खरी भन्नाट आहे ती तिथल्या पैशाची गोष्ट. जेम्स अर्नोल्ड हा देवमाशांच्या तेलाच्या धंद्यात श्रीमंत झालेला व्यापारी. १८६८मध्ये तो वारला, जाताना संपत्तीचा एक हिस्सा चांगल्या कामासाठी ठेवून गेला. १८७२मध्ये तो पैसा हार्वर्ड विद्यापीठाकडे आला, झाडांसाठी. तो एका दमात उडवायचा नव्हता. मुद्दल राखायचं आणि उत्पन्नावर बाग चालवायची. आपल्या आजोबांची एफडी असते ना, अगदी तस्सं! पुढे १८८२मध्ये विद्यापीठ आणि बॉस्टन शहर यांच्यात करार झाला. जमीन शहराची, भाडं वर्षाला एक डॉलर, मुदत एक हजार वर्षं. हो, बरोबर वाचलंत, हजार वर्षं! रस्ते, भिंती, पहारा हे शहराने बघायचं आणि झाडं विद्यापीठाने. पहिला संचालक चार्ल्स सार्जंट तिथे किती वर्षं राहिला? ५४. आपल्याकडे दोन वर्षं एका कंपनीत टिकलं तर लोक विचारतात, ‘सगळं ठीक आहे ना?’

म्हणजे मुद्दा असा, की देणगीदाराचं नाव बागेला लागलं, पण पैसा नुसत्या नावासाठी नव्हता. तो पुढच्या माळ्याच्या पगारासाठी होता. सेंट्रल पार्कच्या त्या दहा हजार डॉलरचंही कोडं मग उलगडलं. ती बाकाची किंमत नाही. तो पैसा बाक आणि आजूबाजूची बाग नीट ठेवण्यासाठीच्या निधीत जातो. पट्टी ही फक्त पावती.

‘ते तिकडे, आपल्याकडे नाही चालत,’ असं म्हणणार असाल तर जरा थांबा. राणीच्या बागेच्या दारातच उत्तर आहे. तेच म्युझियम, आताचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. इमारत पार खंगली होती. २००३मध्ये महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन असा तिघांचा करार झाला. जागा पालिकेची, कसब इन्टॅकचं, देणगी फाउंडेशनची. छताची नक्षी, खांब, जुनी लाकडी कपाटं सगळं नीट सोडवून, साफ करून, जिथल्या तिथे. २००५मध्ये युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार आणि जानेवारी २००८मध्ये दारं पुन्हा उघडली. पाच वर्षं लागली. फीत कापून तिघंही आपापल्या घरी गेले असते तर? तसं होऊ नये म्हणून पुढे म्युझियम चालवायला ट्रस्टची व्यवस्था करून ठेवली. म्हणजे पाण्याचं बजेट आधीच मांडलेलं!

आणि देणगी म्हणजे दर वेळी पैसाच असतो असंही नाही. २००७मध्ये बागेचा कायापालट करायचा ४३३ कोटींचा आराखडा आला होता. जागतिक दर्जाचं प्राणिसंग्रहालय वगैरे. काही मुंबईकरांना, त्यात बायकांचा पुढाकार मोठा, वेगळीच काळजी पडली. या बागेतल्या दुर्मिळ झाडांचं काय होणार? त्यांनी काय दिलं? रविवार दिले. झाडं पाहिली, त्यांची नोंद केली, पत्रं लिहिली, वारसा समितीपुढे म्हणणं मांडलं, लोकांना बागेत फिरवून झाडं दाखवली. तो आराखडा तसाच्या तसा काही पुढे गेला नाही. २०१२मध्ये बागेला दीडशे वर्षं झाली तेव्हा त्यांनी या वनस्पतींवर एक पुस्तकही आणलं. त्यांच्या नावाचा बाक मला कुठे दिसला नाही. झाडं मात्र दिसली.

हे सगळं मी आईला उत्साहाने सांगत होते. ती मेथी निवडत होती. शेवटी म्हणाली, ‘एक विचारू? तुझे बाबा कधी बाकावर बसलेले आठवतात तुला?’

मी आठवून बघितलं. खरंच, एकदाही नाही. आम्ही दमून बसायचो, ते पुढच्या झाडाची पाटी वाचायला गेलेले असायचे.

बाक तिथेच रद्द झाला.

मग बोनसचं काय झालं? सांगते. टेकडीवरच्या त्या अकरा रोपांकडे आम्ही चौघं कलीग परत गेलो. पायथ्याच्या वाडीतले एक काका आठवड्यातून दोनदा पाणी घालायला तयार झाले. रोपांना आळी केली, वर वाळलेल्या पाल्याचा थर दिला म्हणजे ओल टिकते. पाणी साठवायला दोन पिंपं आणि वर न्यायचा पाइप, यात माझा बोनस गेला. काकांचे महिन्याचे पैसे आम्ही वाटून घेतो, प्रत्येकी ५०० रुपये, दर एक तारखेला आपोआप खात्यातून जातात. चक्क एसआयपी! रिटर्न्स? कळतील तीन उन्हाळ्यांनंतर. या उन्हाळ्यात दोन गेली. नऊ आहेत. त्यातल्या बहाव्याला एप्रिलमध्ये नवी पालवी आली, तेव्हा काकांनी फोटो पाठवला. मी तो मीटिंगमध्ये बघितला आणि क्लायंट काय बोलला ते आजतागायत मला माहीत नाही.

पाट्या आईने केल्या. पत्र्याच्या तुकड्यांवर ऑइलपेंटने, बाबांसारखं सुवाच्य अक्षर काढून. बहावा. ताम्हण. करंज. जांभूळ. मी विचारलं, ‘बाबांचं नाव कुठे टाकायचं?’ ती म्हणाली, ‘कशाला? लोकांनी झाडाचं नाव वाचलं की झालं.’

तुम्हीही एकदा राणीच्या बागेत जाऊन या. बुधवार सोडून, कारण बुधवारी बंद असते. पेंग्विन बघा, जरूर बघा. पण निघण्याआधी एक गोरखचिंच, एक कैलासपती आणि एक खराखुरा अशोक शोधा आणि त्यांच्या पाट्या मोठ्याने वाचा. सोबत लहान मूल असेल तर ते कंटाळेल. कंटाळू द्या. लक्षात राहतं.

आणि हो, जून आला. परवाच तो तीन हिरव्या पानांचा मेल आला, टी-शर्टचा साइज विचारणारा. मी उत्तर पाठवलं, ‘टी-शर्ट नको. पाण्याचं बजेट किती?’

एचआरचं लगेच उत्तर आलं, ‘फॉर्ममध्ये तसा कॉलम नाही.’

मी लिहिलंय, वाढवा.